विनोद चोरला, की दोघांनाही सुचला? सांगलीच्या नव्या विनोदलेखकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागात एकांकिका, स्किट, स्टँडअप किंवा कार्यक्रमाचं निवेदन लिहिणारी बरीच मुलंमुली माझ्या ओळखीची आहेत. स्पर्धांचा हंगाम आला की त्यांचे फोन सुरू होतात. कुणी म्हणतं, "सर, आमचा पंच त्यांनी ढापला." (पंच म्हणजे विनोदातलं हशा आणणारं वाक्य.) कुणी म्हणतं, "सर, आम्ही काही केलं नाही, तरी आमच्यावर आळ आलाय." दोन्ही बाजूंची रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत. फोनवर घाईत दिलेलं उत्तर पुरत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो आहे.

दोन अनोळखी माणसांना एकच विनोद खरंच सुचू शकतो का?

हो, आणि आपल्याला वाटतं त्याहून खूप जास्त वेळा सुचतो. कृष्णेच्या पात्रात मगर दिसल्याची बातमी आली, की "पोहायला येणार होतो, मगर..." ही कोटी संध्याकाळपर्यंत निम्म्या सांगलीनं केलेली असते. हिंदीतलं 'मगर' आणि नदीतली मगर एकाशेजारी एक ठेवायला फार डोकं चालवावं लागत नाही. ती कोटी भाषेत आयतीच पडून आहे. तिचा पहिला धनी शोधण्यात काही अर्थ नाही.

पुराचंही तसंच. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. "कृष्णामाई दारात आली, पण नळाला थेंब नाही" या अर्थाचं वाक्य तेव्हा मी वेगवेगळ्या गल्ल्यांत, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांकडून ऐकलं. सगळ्यांचं दुःख एक आणि सगळ्यांच्या घरातला कोरडा नळही एकच, मग हसूही एकाच जागी फुटतं.

जगातलं गाजलेलं उदाहरण 12 मार्च 1951 या दिवसाचं आहे. त्या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये एका मुलांच्या साप्ताहिकात आणि अमेरिकेत वर्तमानपत्रांत 'डेनिस द मेनेस' याच नावाचा खोडकर मुलगा अवतरला. अमेरिकेतला चित्रकार हँक केचम, ब्रिटनमधला डेव्हिड लॉ. नाव एक, खोडकरपणा एक, तारीखही एक. तरीही कुणी कुणाचं पाहून केलेलं नव्हतं. इंग्रजीत डेनिस आणि मेनेस यांचं यमक जुळतं, ते दोन्ही देशांत जुळणारच. पुढं दोन्ही मुलं आपापल्या वाटेनं मोठी झाली आणि दिसायला, वागायला अगदी वेगळी राहिली.

कुठल्या विनोदात असा योगायोग जास्त होतो?

ताज्या बातमीवरच्या विनोदात सगळ्यात जास्त. बातमी सगळ्यांनी त्याच सकाळी वाचलेली असते आणि तिच्यात हास्यास्पद जागा एखादीच असते. त्यानंतर शाब्दिक कोट्या. नंतर ठरलेल्या जोड्या: सासू-सून, मास्तर-विद्यार्थी, सांगलीकर-मिरजकर.

लांब गोष्टीत तो कमी होतो. एखादं पात्र तुम्ही तुमच्या आत्याच्या बोलण्यावरून बेतलं असेल आणि हशा त्या बोलण्यातूनच येत असेल, तर तेच पात्र तशाच बोलण्यासह दुसऱ्याच्या डोक्यात उगवणं फार अवघड. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो की पहिल्या पाच मिनिटांत सुचलेला पंच वहीत लिहा आणि पुढं विचार करत राहा. पहिल्या पाच मिनिटांत तो आणखी शंभर जणांना सुचलेला असतो.

योगायोग कुठला आणि उचलेगिरी कुठली, हे ओळखायचं कसं?

सगळ्या पानाचं मर्म या प्रश्नात आहे, म्हणून एक घडलेलं प्रकरण तपशिलात सांगतो.

आमच्याकडं येणाऱ्या एका मुलीनं ऊसपट्ट्यातल्या लग्नावर स्किट लिहिलं. वधूपित्याला सगळे विचारतात, लग्न कधी? तो म्हणतो, "भटजींनी मुहूर्त दिलाय, चिटबॉयनं कुठं दिलाय?" (बाहेरच्या वाचकांसाठी: चिटबॉय म्हणजे साखर कारखान्याचा गावातला माणूस. आपल्या उसाला तोड कधी मिळणार हे त्याच्याकडून कळतं, त्यामुळं हंगामात त्याचा मान जावयापेक्षा मोठा.) मग चिटबॉयला फेटा, हार, पहिल्या पंगतीचं ताट. तिसऱ्या मंगलाष्टकाला त्याचा फोन वाजतो, तोड आली म्हणून निरोप येतो आणि सगळं वऱ्हाड हातात अक्षता तशाच घेऊन फडाकडं पळतं. तालमीच्या आठवड्यात चिटबॉयचं काम करणाऱ्या पोराचा पाय मोडला, म्हणून तिनं त्याच्या प्लास्टरवर दोन वाक्यं वाढवली. बांधावरून घसरला, तरी लोकांनी त्याला खाटेसकट मांडवात आणला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गावच्या संघानं स्किट केलं. चिटबॉय, लग्न, मुहूर्त. ती मुलगी हादरली. मी तिला म्हटलं, थांब. ऊस लावणाऱ्या घरातल्या कुणालाही 'लग्नाची तारीख कारखान्यावर अवलंबून' ही कल्पना सुचेल, कारण ते तसं असतंच. मुहूर्ताचं वाक्यसुद्धा सुचू शकेल. मग आम्ही व्हिडिओ पुढं पाहिला. तिसरं मंगलाष्टक, फोन, हातातल्या अक्षता. आणि चिटबॉयच्या पायाला प्लास्टर. त्यांच्या स्किटमध्ये प्लास्टरवर एकही वाक्य नव्हतं. नट धडधाकट होता, प्लास्टरचं काही कामच नव्हतं. पाहून केलेल्या नकलेत ते तसंच राहून गेलं होतं.

मी हाच क्रम पाळतो. आधी विषय जुळतो का ते पाहायचं. विषय कुणाच्याच मालकीचा नसतो, तिथं आपण बोलायचंच नाही. मग कल्पना. तीही दोघांना सुचू शकते. मग कल्पनेपासून हशापर्यंतची वाट, म्हणजे कुठली गोष्ट कुणानंतर येते आणि वळण कुठं आहे. इथं जुळणी असेल तर कान टवकारायचे. मग शब्द. आणि शेवटी बिनकामाचे तपशील, कारण गरजेपोटी दोघं एकाच जागी पोचू शकतात, पण ज्याची कुणालाच गरज नाही असं प्लास्टर दोघांच्या स्किटमध्ये आपोआप येत नाही.

याच्या जोडीला दोन गोष्टी तपासाव्यात. त्या माणसाला तुमचं काम पाहायची संधी होती का? आणि त्याच्याबद्दल ही एकच तक्रार आहे, की वेगवेगळ्या लोकांच्या अनेक? 'अमुक माणूस चोर' हे एका पंचावरून ठरवू नये.

मी कधीतरी ऐकलेला विनोद मला माझाच वाटून लिहिला गेला तर?

असं होतं, आणि मानसशास्त्रात त्याचा अभ्यास झालेला आहे. 1989 साली अॅलन ब्राऊन आणि डाना मर्फी या अमेरिकी संशोधकांनी लोकांना गटात बसवून ठरावीक प्रकारातली नावं आळीपाळीनं सांगायला लावली आणि नंतर विचारलं, यातली तुम्ही स्वतः सांगितलेली कुठली? काही जणांनी दुसऱ्यानं सांगितलेलं नाव प्रामाणिकपणे आपलं म्हणून सांगितलं. गोष्ट लक्षात राहते, ती कुठून आली हे पुसलं जातं. संगीतकार जॉर्ज हॅरिसनवरच्या खटल्यात 1976 साली अमेरिकी न्यायालयानं असाच निवाडा दिला होता: नक्कल झाली आहे, पण ती नकळत, अंतर्मनातून. तरीही ती नक्कलच धरली गेली.

म्हणून एखादा पंच डोक्यात पूर्ण तयार होऊन आला, एक शब्दही हलवावा लागला नाही, तर त्याच्यावर आधी शंका घ्या. आपले स्वतःचे विनोद बहुतेक वेळा अर्धवट येतात, घासावे लागतात. तालमीआधी दोन-चार जणांना ऐकवा आणि फक्त "आवडलं का?" न विचारता "कुठं ऐकलंय का?" असंही विचारा. त्यात एक जण सतत रील बघणारा हवा आणि एक जण जुनी नाटकं पाहिलेला.

तमाशातली बतावणी सगळेच फड करायचे. मग ती चोरी कशी नाही?

हा प्रश्न आमच्याच भागात विचारला जावा याचं मला समाधान वाटतं, कारण ही परंपरा आमच्या उंबऱ्यातली आहे. गण, गौळण, बतावणी, वग अशी तमाशाची बांधणी. त्यातली बतावणी, म्हणजे विनोदी संवादांचा भाग, सोंगाड्याच्या तोंडी वाढायची. मूळ सांगाडा पिढ्यानुपिढ्या सगळ्यांचा, आणि रोजच्या गावाप्रमाणं त्यात भर पडायची. पाटील कोण, यंदा पाऊस कसा, जत्रेत काय घडलं हे सगळं सोंगाड्या दुपारी गावात फिरून गोळा करायचा आणि रात्री बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, सोडायचा. तोच सांगाडा दुसऱ्या फडानं घेतला तर कुणाचं काही हिरावलं जात नव्हतं, कारण लोक सांगाड्यासाठी येत नव्हते.

कवलापूरचे काळू-बाळू हे याचं उत्तम उदाहरण. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. सारखा चेहरा, सारखा वेश, आणि कोण कुठला हे कळेनासं झालं की लोक हसून लोळायचे. जुळ्यांच्या घोटाळ्याची ही कल्पना दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी आहे. प्लॉटस या रोमन नाटककारानं ती वापरली आणि शेक्सपिअरनं त्याच्यावरून आपलं नाटक रचलं. पण म्हणून कवलापूरच्या या दोघांनी ती कुठून 'घेतली' असं कुणी म्हणणार नाही. कल्पना जुनी, पण दोघांच्या बोलण्यातला मेळ, एकानं वाक्य टाकायचं आणि दुसऱ्यानं ते वरच्यावर झेलायचं, हे दुसऱ्या कुणाला उचलताच आलं नसतं.

आणि त्याच तमाशात लावणीला मात्र नाव असायचं. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (1866–1945) आपल्या कवनाच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफत. कुठल्याही फडानं ती लावणी गायली तरी रचणाऱ्याचं नाव गाणारणीच्या तोंडून श्रोत्यांपर्यंत जायचं. एकाच बोर्डावर, एकाच रात्री, बतावणी सर्वांची आणि लावणी बापूरावांची. काय सामायिक आणि काय कुणा एकाचं, याची जाण आपल्याकडं कायदा येण्याआधीपासून होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आज बतावणी वापरायची तर खुशाल वापरा. पण 'पारंपरिक बतावणीवर आधारित' असं लिहा. त्या खाली 'लेखक' म्हणून स्वतःचं एकट्याचं नाव टाकणं खोटं आहे.

गोविंद बल्लाळ देवलांनीही परकीय नाटकावरून लिहिलं. मग आम्ही परदेशी स्किटवरून लिहिलं तर काय बिघडलं?

देवल सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे, त्यामुळं हा मुद्दा इथं हमखास निघतो. 1916 साली रंगभूमीवर आलेल्या 'संशयकल्लोळ'चं कथानक आर्थर मर्फीच्या 1761 सालच्या इंग्रजी नाटकावरून आलं, आणि मर्फीनं ते मोलिएरच्या 1660 सालच्या फ्रेंच प्रहसनावरून घेतलं होतं. हे खरं आहे. पण देवलांनी काय केलं ते वाचून पाहा. पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं दिली: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती. संशयी नवऱ्याचं बोलणं असं घडवलं, की तो आपल्या वाड्यातलाच कुणी गृहस्थ वाटावा. पदं घातली. मूळ नाटक तोंडपाठ असलेल्या माणसालाही यात नवं ऐकायला मिळतं. आणि मोलिएर, मर्फी दोघंही तेव्हा केव्हाच निवर्तले होते. त्यांच्या पोटावर पाय येत नव्हता.

तुम्ही गेल्या महिन्यात यूट्यूबवर आलेलं एखाद्या हयात माणसाचं स्किट घेता, जॉनचा जनार्दन करता आणि पंच तसेच ठेवता. याला रूपांतर म्हणत नाहीत. परवानगी मागा. कित्येक जण आनंदानं देतात.

कायदा काय म्हणतो?

भारतात 1957चा कॉपीराइट कायदा लागू आहे. कल्पनेवर हक्क नसतो, ती ज्या शब्दांत आणि ज्या मांडणीत उतरली त्यावर असतो. या विषयातला महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1978 साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या प्रकरणात दिला. आनंद यांचं म्हणणं होतं की आपलं नाटक एका चित्रपटात उचललं गेलं. न्यायालयानं सांगितलं की विषय, कल्पना, कथाबीज यांवर कॉपीराइट नसतो. दोन्ही कलाकृती पाहणाऱ्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कलच आहे असं निःसंशय वाटलं पाहिजे. आनंद यांचा दावा फेटाळला गेला.

म्हणजे आमच्या चिटबॉयच्या प्रकरणात 'लग्न आणि ऊसतोड' ही कल्पना मोकळी, पण तिनं लिहिलेला पूर्ण प्रवेश संरक्षित. एका ओळीच्या विनोदाला मात्र कायद्याचा आधार फार तोकडा मिळतो, कारण तिथं कल्पना आणि शब्द वेगळे करायला जागाच उरत नाही.

लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. नोंदणी सक्तीची नाही. लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा असतो, नोंदणी फक्त पुरावा म्हणून उपयोगी. आणि हक्क विकले तरी 'हे मी लिहिलं' असं म्हणण्याचा अधिकार कलम 57 नुसार लेखकाकडंच राहतो.

विनोदासाठी कुणी खरंच कोर्टात गेलं आहे का?

गेलं आहे, आणि ते प्रकरण विनोद लिहिणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावं असं आहे. अमेरिकेतला विनोदलेखक अॅलेक्स केसबर्ग यानं 2015 साली टीव्हीवरचा प्रसिद्ध सूत्रसंचालक कोनन ओब्रायन याच्यावर दावा लावला. केसबर्ग आपले विनोद ब्लॉगवर आणि ट्विटरवर टाकायचा. त्याचं म्हणणं असं, की त्यातले काही थोड्याच तासांत किंवा दिवसाभरात कोननच्या कार्यक्रमात आले.

त्यातला एक पाहा. अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात टॉम ब्रेडी सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याला बक्षीस म्हणून गाडी मिळाली. तो म्हणाला, आम्हाला सामना जिंकून देणाऱ्याला ही गाडी द्यायची माझी इच्छा आहे. केसबर्गचा पंच होता, मग ती गाडी पीट कॅरोलला मिळाली. कॅरोल हा हरलेल्या संघाचा प्रशिक्षक, ज्याच्या शेवटच्या क्षणीच्या निर्णयावर देशभर टीका सुरू होती. कोनननं दुसऱ्या दिवशी तोच पंच केला.

आता आपला क्रम लावा. बातमी सगळ्यांना ठाऊक. सामना कुणी घालवला, हे सगळ्यांना ठाऊक. ब्रेडीचं वाक्यच अर्धा विनोद होऊन बसलेलं. दोन धंदेवाईक लेखक एकाच जागी पोचणं मला इथं अगदी शक्य वाटतं. केसबर्गची बाजूही हलकी नव्हती: एकदा झालं तर ठीक, पुन्हा पुन्हा कसं? न्यायाधीश जॅनिस समार्टिनो यांनी 2017 मध्ये म्हटलं की अशा विनोदांना संरक्षण आहे पण ते विरळ आहे, जवळजवळ शब्दशः सारखेपणा दाखवावा लागेल. दोन विनोद दाव्यातून गळाले, तीन उरले. 2019च्या मे महिन्यात खटला उभा राहण्याच्या तोंडावर दोघांत तडजोड झाली. कोनननं तेव्हा लेख लिहून सांगितलं की आपण चोरी केलेली नाही, एकाच वेळी अनेकांना तेच सुचतं. चार वर्षं वकील आणि खर्च, आणि चोरी की योगायोग याचा निवाडा शेवटपर्यंत झालाच नाही.

स्टँडअपवाल्यांत मग हे कसं मिटवतात?

अलिखित नियमांनी. डोटन ओलियार आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन या कायद्याच्या अभ्यासकांनी 2008 साली अमेरिकी स्टँडअप कलावंतांशी बोलून यावर मोठा लेख लिहिला. कोर्टात जवळपास कुणीच जात नाही. आधी समोरासमोर बोलणं होतं. योगायोग असेल तर दोघांपैकी एक जण तो विनोद सोडतो, बहुधा ज्यानं नंतर सादर केला तो. न मिटलं तर बाकीचे कलावंत त्या माणसाबरोबर एका मंचावर येत नाहीत. विशेष म्हणजे कायदा ज्या कल्पनेला मोकळी सोडतो, तिलाही हे लोक मालकीची मानतात.

हा शेवटचा नियम आपल्याकडं आणू नये असं माझं मत आहे. आपला भाग लहान, विषय थोडे: ऊस, पूर, बेदाणा, लग्न, निवडणूक. कल्पनांवर कुंपणं घातली तर नव्या मुलांना लिहायला काही राहणार नाही. समोरासमोर बोलण्याचा नियम मात्र जरूर घ्यावा.

माझा विनोद दुसऱ्यानं वापरला आहे. नेमकं काय करू?

त्या रात्री काहीही करू नका. स्टेटस ठेवू नका, ग्रुपवर लिहू नका. आपलं काहीतरी नेलं गेल्याचा संताप किती खोल असतो ते मला ठाऊक आहे. पण त्या रात्री लिहिलेलं पुढं वर्षानुवर्षं तुमच्याविरुद्ध दाखवलं जातं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही संहिता किंवा व्हिडिओ शेजारी ठेवून वरच्या क्रमानं तपासा. शक्यतो तिसऱ्या, तटस्थ माणसाकडून तपासून घ्या. तरीही चोरी वाटली तर थेट फोन करा. "तुम्ही चोरलंत" असं न म्हणता "हे तुम्हाला कसं सुचलं?" असं विचारा. उत्तरावरून बरंच कळतं. खरंच स्वतः सुचलेला माणूस लगेच सांगायला लागतो, की आमच्या चुलत्यांच्या लग्नात असं झालं होतं, पहिल्या खर्ड्यात असं होतं, मग बदललं.

चिटबॉयच्या प्रकरणात त्या मुलीनं असाच फोन केला. पलीकडच्या दिग्दर्शकानं कबूल केलं, की मोबाइलवर फिरत आलेला व्हिडिओ पाहून स्किट बसवलं, कुणाचं आहे ते माहीत नव्हतं. शोधलंही नव्हतं, हे तिनं त्याला शांतपणे ऐकवलं. पुढच्या प्रयोगांना तिचं नाव लेखिका म्हणून लागलं आणि मानधनही मिळालं. फोनवर मिटलं नसतं तर संयोजकांकडं लेखी तक्रार, आणि त्यानंतरच चारचौघांत बोलणं.

माझ्यावर आळ आला तर?

तुमची वही, खर्डे, तालमीचे व्हिडिओ दाखवा. एखादा पंच खरोखर जुळत असेल आणि समोरच्यानं आधी सादर केला असेल, तर तो काढून टाका. एक पंच गेल्यानं लेखक मरत नाही. पण न केलेल्या चोरीची माफी मागू नका. "योगायोगानं जुळलं, तुमचा आधीचा आहे, मी काढतो" एवढं पुरे.

व्हॉट्सअॅपवर आलेला विनोद स्किटमध्ये चालेल का?

स्पर्धेत नको. निनावी दिसला म्हणजे निर्माता नाहीच असं नसतं. बऱ्याचदा खालचं नाव कुणीतरी कापलेलं असतं. 2015 साली अमेरिकेत जॉश ओस्ट्रोव्स्की या इन्स्टाग्रामवरच्या लोकप्रिय माणसावर टीकेची झोड उठली, ती दुसऱ्यांचे विनोद नाव न देता टाकल्याबद्दलच. निवेदनात वापरलात तर "परवा मला हा विनोद आला होता" असं म्हणा. हशा तेवढाच येतो.

लेखकाचं नाव दिलं की झालं, असं धरायचं का?

नाही. श्रेय देणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. दोन्ही लागतं. पूर्ण एकांकिका करायची तर परवानगीपत्र आणि ठरलं असेल तर मानधन. 'गावातलीच मुलं आहेत, त्यांना कसलं मानधन' हे वाक्य मी फार ऐकलं आहे आणि मला त्याचा राग येतो. मंडपवाल्याला, साउंडवाल्याला पैसे दिले जातात, आणि ज्याच्या शब्दांवर लोक हसले त्याला नारळ.

पैसे घेऊन दुसऱ्यासाठी लिहिलं तर विनोद कुणाचा?

जे लिहून घ्याल त्याप्रमाणं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कायद्यानं ते लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, क्षेत्र लिहिलं नसेल तर भारतापुरतं. चार ओळींचा कागद करा: कुठल्या कार्यक्रमासाठी, किती काळ, किती पैसे, नाव लागणार की नाही. निवेदकासाठी लिहिताना बहुतेक वेळा नाव लागत नाही, ते आधीच मान्य करून घ्या. नंतर त्याच्या तोंडी आपला पंच ऐकून त्याला चोर म्हणता येत नाही. आणि तोच पंच पुन्हा दुसऱ्या निवेदकाला विकू नका.

तारखेचा पुरावा कसा ठेवावा?

प्रत्येक खर्डा स्वतःला ईमेल करा. वहीवर तारीख घाला आणि खोडलेल्या ओळी तशाच ठेवा, सफाईदार प्रतीपेक्षा त्या जास्त बोलतात. एकांकिकेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतलं, तर संहितेची तारीख सरकारदरबारी लागते. चित्रपट, मालिकांकडं जाणाऱ्यांसाठी मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन सभासदांच्या संहिता नोंदवते. स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाकीट पाठवण्याचा जुना उपाय फारसा भक्कम नाही, पाकीट आधी उघडं पाठवलं नव्हतं हे सिद्ध करणं कठीण जातं.

संहिता तुम्हाला वाचायला पाठवली तर ती फुटणार नाही ना?

मी कुणाचीही संहिता लेखकाला विचारल्याशिवाय पुढं पाठवत नाही. पण एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मी एका हंगामात बऱ्याच जणांचं वाचतो आणि दोघांच्या संहितेत सारखी जागा आली, तर ती दोघांनाही सांगतो. दुसऱ्याचं नाव न घेता एवढंच कळवतो, की या जागेला आणखी एक जण पोचलेला आहे, तुम्ही पुढं जाऊन बघा. हे मान्य नसेल तर पाठवताना तसं लिहा, मग मी फक्त भाषा आणि बांधणी यांवर बोलेन.